टाकीत पाणी कुठून येतं?

(गणेशोत्सव २०२५ मध्ये मंडळाच्या बालसभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

गणपती बाप्पा मोरया!



मंडळाने आम्हाला सांगितलं की, मुलांना अर्धा तास ज्ञानाच्या चार गोष्टी सांगा. आम्ही काही शिक्षक नव्हे. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला, राज्य सरकारच्या नोकरीत लागलो, आणि तेव्हापासून मोजमाप, नकाशे आणि फायली यांतच आमचे दिवस जातात. म्हणून आम्ही एक युक्ती केली. आरतीच्या टेबलाजवळ एक खोकं ठेवलं आणि तुम्हाला म्हटलं, मनात असेल तो प्रश्न चिठ्ठीवर लिहून टाका. भरपूर चिठ्ठ्या आल्या. त्यांतल्या सात चिठ्ठ्यांवर 'प्रसादाला मोदक कधी?' एवढंच होतं. त्या आम्ही प्रसाद समितीकडे पाठवल्या आहेत. उरलेल्यांतले पाच प्रश्न आज घेऊ.

पण आधी एक कबुली द्यायची आहे. आमची मुलगी तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. सकाळची घाई, ती दात घासत होती. तिने विचारलं, "बाबा, नळाला पाणी कुठून येतं?" आम्ही बुटाचे बंद बांधता बांधता म्हणालो, "टाकीतून." ती म्हणाली, "टाकीत कुठून येतं?" आम्ही म्हणालो, "मोटर चढवते." ती म्हणाली, "मोटरला कोण देतं?" आम्ही म्हणालो, "बस येईल आता, आवर लवकर!" ती गप्प झाली. पाण्याच्याच कामाचा पगार घेणारा माणूस आणि त्याच्याकडे पोरीला सांगायला दोन मिनिटं नव्हती. नंतर ती असं काही विचारेनाशी झाली, आणि हेसुद्धा आमच्या लक्षात यायला कित्येक महिने लागले. तिचा तो प्रश्न आज शेवटी घेणार आहोत. तोवर बाकीचे पाच.

पहिली चिठ्ठी: "जुबिली हिल्समधले मोठे मोठे दगड एकमेकांवर कोणी ठेवले?"

फार छान प्रश्न. कोणीच ठेवले नाहीत. ते आहेत तिथेच तयार झाले. हा दगड म्हणजे ग्रॅनाइट. सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या खूप खाली वितळलेला खडक होता, तो हळूहळू थंड झाला. हळूहळू थंड झाला म्हणून त्यात मोठे मोठे कण तयार झाले. तुम्ही जवळ जाऊन पाहा, गुलाबी, पांढरट आणि काळे ठिपके वेगवेगळे दिसतील. पुढे वरची जमीन झिजून गेली आणि हा खडक उघडा पडला. त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या, म्हणजे एका मोठ्या वडीचे चौकोनी तुकडे पडावेत तसे. त्या भेगांत पाणी शिरलं आणि दगड झिजू लागला.

मग चौकोनी तुकडे गोल कसे झाले? घरी गेल्यावर खडीसाखरेचा एक मोठा खडा तोंडात ठेवा, चावू नका. थोड्या वेळाने बाहेर काढून पाहा. आधी कोपरे गेलेले असतील. कोपऱ्याला तिन्ही बाजूंनी पाणी लागतं, सपाट भागाला एकाच बाजूने. म्हणून कोपरे आधी झिजतात आणि खडा गोल होतो. आपल्या दगडांचं तेच झालं. मधला भुगा आणि माती पावसाने वाहून नेली, आणि गोल धोंडे एकावर एक राहिले. गोवळकोंड्याचा किल्ला अशाच ग्रॅनाइटच्या टेकडीवर आहे. हुसेन सागरातला उभा बुद्ध आहे ना, तोही ग्रॅनाइटच्या एकाच दगडातून घडवलेला आहे.

आता तुमच्यापैकी पुष्कळ जण सुट्टीत लातूर, परभणी, सोलापूर, पुण्याकडे जातात. खिडकीतून पाहत चला. वाटेत हे गोल धोंडे संपतात आणि काळा दगड, काळी माती लागते. तो दगड बेसॉल्ट, म्हणजे ज्वालामुखीचा रस पृष्ठभागावर येऊन लवकर थंड झालेला. लवकर थंड झाला म्हणून त्याचे कण बारीक, डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. अजिंठा आणि वेरूळची लेणी त्याच दगडात कोरली आहेत. म्हणजे हैदराबादचा दगड सह्याद्रीच्या दगडापेक्षा जवळजवळ चाळीस पट म्हातारा आहे. एखाद्या आजोबांसमोर दोन वर्षांचं बाळ बसावं तसं.

दुसरी चिठ्ठी: "आमच्या बिल्डिंगमधले सगळे 'नक्को' म्हणतात. आई म्हणते तसं बोलू नको. का?"

आई रागावली असेल, पण ती काय म्हणाली ते बघा. 'बोलू नको' म्हणाली! हा 'नक्को' म्हणजे आपला मराठी 'नको'च आहे. तो इथल्या दखनी बोलीत गेला आणि तिथे मुरला.

कसा गेला? सन १३२७ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलक या दिल्लीच्या सुलतानाने आपली राजधानी देवगिरीला नेली आणि तिचं नाव दौलताबाद ठेवलं. आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळचा तो किल्ला. दिल्लीकडून सैनिक, कारागीर, व्यापारी, फकीर असे पुष्कळ लोक तिकडे आले. आजूबाजूचे सगळे लोक मराठी बोलणारे. बाजारात भाजी घ्यायची, पाणी मागायचं, तर दोघांनी एकमेकांचे शब्द घेतले. पुढे हीच बोली दक्षिणेत पसरली, तिच्यात तेलुगू आणि कानडीही मिसळली, आणि ती दखनी झाली. इथला माणूस 'ऐसाइच है' म्हणतो, त्यातला 'च'सुद्धा मराठीचाच. आपण 'असंच' म्हणतो ना, तोच.

देवाणघेवाण दोन्हीकडून झाली. मोठ्या बहिणीला आपण 'अक्का' म्हणतो. तेलुगूतही मोठी बहीण 'अक्का'च. हा शब्द आपल्याकडे दक्षिणेच्या भाषांतून आला. तेव्हा मुलांनो, मित्रांशी खुशाल 'नक्को' बोला आणि आजीशी 'नको' बोला. एका 'क'चा तर फरक आहे.

तिसरी चिठ्ठी: "मराठी आकडे इतके अवघड का आहेत?"

ही चिठ्ठी पाचवीतल्या एका मुलाची आहे. नाव सांगत नाही. पण त्याचं दुःख आम्हाला कळतं. आमच्या घरीही 'सत्तावीस रुपये दे' म्हटलं की 'म्हणजे ट्वेंटी सेव्हन का?' असं विचारून खात्री करून घेतात.

अवघड वाटतात, कारण आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर. सत्तावीस म्हणजे आधी सात, मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन आणि मग सात. म्हणून लहान मुलं सत्तावीस ऐकून ७२ लिहितात. तेलुगूत 'इरवै एडु', म्हणजे वीस-सात, जसं लिहितो तसंच बोलतो. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात', 'साठ दोन' अशी पद्धत दिली, तेव्हा केवढा वाद झाला होता, मागच्या खुर्च्यांना आठवत असेल.

पण मराठी आकड्यांत एक गंमत दडली आहे. एकोणीस म्हणजे काय? 'ऊन' म्हणजे कमी. एक ऊन वीस, म्हणजे विसाला एक कमी. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. म्हणजे शब्दातच वजाबाकी करून ठेवली आहे! एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, सगळीकडे हाच नियम. मग नव्याण्णवला काय म्हणायला हवं होतं? बरोबर, एकोणशंभर. पण तसं म्हणत नाहीत. नऊ आकड्यांपैकी एकटा नव्याण्णव नियम मोडून बसला आहे. आता 'एकोण' ऐकलं की घाबरायचं नाही. पुढचा आकडा धरायचा आणि त्यातून एक काढायचा. एकोणसत्तर? सत्तर, त्यातून एक गेला... शाब्बास, ६९.

चौथी चिठ्ठी: "वाढदिवस दर वर्षी त्याच तारखेला येतो, मग गणपती का नाही?"

वाढदिवस आपण सूर्याच्या हिशोबाने करतो आणि गणपती चंद्राच्या. पृथ्वी सूर्याभोवती एक फेरी घालते तिला सुमारे ३६५ दिवस लागतात. चंद्राचं एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत साडेएकोणतीस दिवसांचं चक्र असतं. असे बारा महिने केले तर किती दिवस झाले? ३५४. म्हणजे वर्षाला ११ दिवस कमी पडले. आता तारखा बघा. गेल्या वर्षी गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, यंदा २७ ऑगस्टला. बोटांवर मोजा. बरोबर ११ दिवस आधी!

मग असंच चाललं तर काही वर्षांनी गणपती उन्हाळ्यात येतील का? येत नाहीत. कारण कमी पडलेले दिवस साठत साठत सुमारे महिनाभर झाले की आपल्या पंचांगात एक जादा महिना घालतात. तो अधिक महिना. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो. पुढच्या वर्षी ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून २०२६ मध्ये गणपती मागे न सरकता पुढे जातील, १४ सप्टेंबरला.

आता तुमच्या वर्गातल्या मुसलमान मित्राची ईद आठवा. त्यांचं वर्षही चंद्राचंच, तेही दर वर्षी ११ दिवस आधी येतं. पण त्यांच्यात अधिक महिना घालत नाहीत. म्हणून रमजान कधी थंडीत येतो, कधी उन्हाळ्यात, कधी पावसात, आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून परत जागेवर येतो. आपला गुढीपाडवा आणि तेलुगू लोकांचा उगादी मात्र एकाच दिवशी असतो, कारण दोघांचेही महिने अमावास्येला संपतात. एकाच गल्लीतले सगळे शेजारी एकाच चंद्राकडे बघून सण ठरवतात. हिशोब ठेवायची पद्धत तेवढी वेगळी.

पाचवी चिठ्ठी: "डास आपल्यालाच का चावतात आणि बाबांना का नाही?"

बाबांनाही चावतात, बाबा सांगत नाहीत. पण चावतो तो डास नर नसतो, मादी असते. तिला अंडी घालण्यासाठी रक्त लागतं. नर बिचारा फुलांचा रस पितो.

डासांची एक फार मोठी गोष्ट आपल्याच शहरात घडली आहे. पूर्वी लोकांना वाटायचं की मलेरिया खराब हवेमुळे होतो. मलेरिया या शब्दाचा अर्थच 'खराब हवा'. सिकंदराबादच्या लष्करी छावणीत रोनाल्ड रॉस नावाचे डॉक्टर होते. जन्म आपल्याच देशातला, अल्मोड्याचा. मलेरियाचं कारण डास असावा अशी शंका होती, पण पुरावा नव्हता. त्यांनी शेकडो डास चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ऑगस्टचा उकाडा होता, पण पंखा चालवायची सोय नव्हती, कारण वाऱ्याने चिरलेले डास उडून जायचे. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. हुसेन खान नावाचा मलेरियाचा एक रुग्ण होता. त्याला डास चावून घ्यायला तयार केलं, एका डासामागे एक आणा देऊन! त्याचं रक्त प्यालेल्या ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या पोटात २० ऑगस्ट १८९७ रोजी रॉसना मलेरियाचे जंतू सापडले. १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. २० ऑगस्ट हा जगभर 'डास दिन' म्हणून पाळतात. अगदी गेल्याच आठवड्यात होऊन गेला. ती इमारत बेगमपेटला अजून उभी आहे. पुस्तकात रॉस यांचं नाव येतं. पण हाताला डास लावून घेणाऱ्या हुसेन खानचंही नाव तुम्ही लक्षात ठेवा.

हे सांगायचं कारण, पाऊस चालू आहे. डेंग्यूचा डास वेगळा. त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात, तो दिवसा चावतो आणि स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून टाकलं की तो जन्मालाच येत नाही. उद्या सकाळी तुम्ही मुलांनी मांडवाभोवती एक फेरी मारा. नारळाच्या करवंट्या, कुंडीखालच्या ताटल्या, पाण्याचं पिंप, जुना कूलर, जिथे पाणी साचलं असेल ते ओता. हे काम मोठ्यांना दिसत नाही. तुम्ही उंचीने लहान, तुम्हाला दिसतं.

आता सहावा प्रश्न. हा खोक्यातला नाही, आमच्या घरचा. टाकीत पाणी कुठून येतं?

हैदराबाद आधी मुशी नदीवर वाढलं. ही नदी आपल्या जवळच, विकाराबादच्या अनंतगिरी डोंगरात उगम पावते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी तिला भयंकर पूर आला आणि हजारो माणसं गेली. उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारात एक चिंचेचं झाड आहे. त्याच्या फांद्यांवर चढून सुमारे दीडशे लोक वाचले असं सांगतात. त्यानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावलं. ते शिकले पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आणि नोकरीला होते मुंबई इलाख्यात. त्यांचा वाढदिवस १५ सप्टेंबर, तोच आम्हा इंजिनिअर लोकांचा दिवस. त्यांनी सांगितलं की शहराच्या वरच्या बाजूला धरणं बांधा. पूर अडेल आणि प्यायला पाणीही मिळेल. त्यातून १९२० मध्ये उस्मान सागर, म्हणजे आपलं गंडीपेट, आणि १९२७ मध्ये हिमायत सागर झाला. एका संकटातून दोन तलाव मिळाले, आणि ते अजून आपल्या उपयोगाचे आहेत.

पण शहर वाढलं, तसं पाणी पुरेना. १९६५ पासून मंजीरा नदीचं पाणी आणलं. २००४ पासून कृष्णेचं आणि २०१५ पासून गोदावरीचं. कृष्णेचं पाणी नागार्जुन सागराकडून शंभराहून अधिक किलोमीटर नळातून येतं, आणि तेही चढावर. तो जलाशय आपल्या शहरापेक्षा तीनशे मीटरहून खाली आहे. पाच चारमिनार एकावर एक ठेवले तरी तेवढी उंची होणार नाही. पंपांनी ते पाणी वर ढकलतात, त्याला रात्रंदिवस वीज लागते. म्हणून नळ उघडा ठेवून दात घासायचे नाहीत. तुम्ही सोडलेलं पाणी एवढा डोंगर चढून आलेलं असतं.

आता भूगोलाच्या पुस्तकात बघा. कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला. गोदावरी उगम पावते त्र्यंबकेश्वरला. आणि मंजीरा? इथे तिला मंजीरा म्हणतात, मराठीत मांजरा. ती उगम पावते बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात. लातूरकडून बिदरला येते, तिथून आपल्या संगारेड्डी, मेदकला, मग उत्तरेकडे वळून निजामाबाद जिल्ह्यात कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. एकूण ७२४ किलोमीटर. हैदराबादला लांबून पाणी देणाऱ्या तिन्ही नद्या महाराष्ट्रात जन्मलेल्या आहेत.

आमचं मूळ गाव निलंगा तालुक्यात, याच मांजराच्या काठी. आजोबा तिथून नोकरीसाठी इथे आले, तेव्हा तो मुलूखही निजामाच्या राज्यातच होता. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, मराठवाडा तिकडे गेला, आम्ही इकडे राहिलो. गेल्या वर्षी मुलीच्या वर्गात कोणीतरी तिला विचारलं, "तुम्ही इथले नाही ना?" तिने घरी येऊन विचारलं, "बाबा, आपण कुठले?" या वेळी आम्ही बुटाचे बंद सोडून खाली बसलो. पण उत्तर आम्हालाही लगेच येईना. आम्ही म्हणालो, "मला नीट सांगता येत नाही. चल, बघून येऊ."

मे महिन्यात गावी गेलो. तिला मांजराच्या पात्रात उभं केलं. पाणी घोट्याएवढं होतं. तिथल्या आत्याने तिला २०१६ सालची गोष्ट सांगितली. मांजरा धरण आटलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आत्या म्हणाली, "आम्ही भांडी घासलेलं पाणी झाडांना घालत होतो." त्याच उन्हाळ्यात इकडे मंजीराचा जलाशयही कोरडा होता. मुलीने दोन्ही गोष्टी जोडल्या. म्हणाली, "म्हणजे तिकडे पाऊस पडला नाही तर आपल्याकडे पण नाही?" परत येताना संगारेड्डीला रस्त्यावर 'मंजीरा' अशी पाटी दिसली. ती खिडकीतून ओरडली, "बाबा, मांजरा!" गाडीतल्या बाकीच्यांना काही कळलं नाही. आम्हाला कळलं.

आपण कुठले, याचं उत्तर तिने तिचं तिनेच काढलं. ते असं: "नदी तिकडची पण आहे आणि इकडची पण. तसेच आपण." वर्गात जाऊन तिने ते तेलुगूत सांगितलं. आमच्याहून तिचं तेलुगू चांगलं आहे.

आता मागच्या खुर्च्यांशी दोन शब्द. आपण मुलांसाठी महागडे क्लास लावतो, जाड जाड ज्ञानकोश आणतो. मुलांना जगातल्या पन्नास देशांच्या राजधान्या येतात. पण घरचा नळ, गच्चीवरचा चंद्र, कोपऱ्यावरचा धोंडा यांबद्दल त्यांनी विचारलं की आपल्याला घाई असते. या गोष्टी मराठीत सांगायच्या तर आपल्याच घरी सांगायच्या, शाळेत त्या इंग्रजीत येतील किंवा तेलुगूत. 'उगम', 'भेग', 'अमावास्या', 'एकोणतीस' हे शब्द मुलांना शिकवणीने येणार नाहीत. प्रश्नाचं उत्तर देता देता ते येतात. आणि उत्तर येत नसेल तर 'मला माहीत नाही, चल शोधू' म्हणायला लाजू नका. आम्हाला हे कळायला मुलगी पाचवीत जावी लागली. तुम्ही एवढं थांबू नका.

बालमित्रांनो, तुम्हाला तीन कामं. पहिलं, खडीसाखरेचा प्रयोग, पण एकच खडा! दुसरं, वीज चमकली की गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून जो आकडा येईल तितके किलोमीटर दूर वीज चमकली. हे घरात बसून मोजायचं, गच्चीवर जाऊन नाही. तिसरं, आजी-आजोबांना विचारा की आपलं मूळ गाव कोणत्या नदीजवळ आहे आणि ती नदी पुढे कुठे जाते. नकाशावर बोट फिरवत समुद्रापर्यंत न्या. ज्याची नदी हैदराबादजवळून जाईल त्याने आम्हाला येऊन दाखवावी.

प्रश्नांचं खोकं अनंत चतुर्दशीपर्यंत तिथेच राहील. ज्यांची चिठ्ठी आज वाचली गेली नाही त्यांनी रुसू नये, रोज आरतीनंतर दोन-दोन चिठ्ठ्या घेऊ. काही उत्तरं आम्हाला येणार नाहीत. ती आपण मिळून शोधू. आणि मोदकांचं विचारून घेतलं आहे: उद्या संध्याकाळी.



गणपती बाप्पा मोरया! मंगलमूर्ती मोरया!